आईचा खांदा आखडलाय, घरी ॲक्युप्रेशर करता येईल का?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. आई ५४ वर्षांच्या, बरीच वर्षं शुगर आहे, उजवा खांदा चार महिन्यांपासून दुखतोय. हात पाठीमागे जात नाही, वेणी घालता येत नाही, रात्री उजव्या कुशीवर वळल्या की कळ येऊन जाग येते. एक्स-रे नॉर्मल आला. डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर सांगून सांध्यात इंजेक्शन आणि फिजिओथेरपी सुचवली, पण आईंना इंजेक्शनची भीती वाटते. मधल्या काळात ओळखीतल्या एका मालिशवाल्याने हात जोराने वर ओढला आणि दुखणं वाढलं. आता तुम्ही चित्रात बघून लाकडी जिमीने (ॲक्युप्रेशरचं दाबायचं छोटं साधन) पॉइंट दाबून देताय, आई रडकुंडीला येतात, आराम काही पडत नाही. म्हणून तुम्ही विचारताय की पॉइंट चुकतायत का, किती वेळ दाबायचं, कूलरच्या हवेनं खांदा आखडतो का, आणि दाबण्यानं इंजेक्शन टळेल का.

मी नागपुरात फिजिओथेरपीची प्रॅक्टिस करते आणि खांद्याच्या पेशंटसाठी ॲक्युप्रेशर नेहमी वापरते. तुम्ही लिहिलंय त्यावरून पॉइंट फारसे चुकत नसावेत. दाब जास्त होतोय, आणि दाबून झाल्यावर जे करायला हवं ते होत नाहीये. या दोन गोष्टी बदलल्या तर आईंना घरीच बराच उतार पडू शकतो. किती पडेल हे मात्र खांदा कोणत्या टप्प्यात आहे, शुगर कशी आहे आणि रात्रीची झोप कितपत मिळते यावर ठरतं. आईंना तपासल्याशिवाय मी त्याची हमी देणार नाही.

आधी खांद्यात काय झालंय ते समजून घ्या, कारण दाब कशावर काम करतो आणि कशावर करत नाही हे त्यातूनच कळतं. खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ, सैल पिशवी असते, तिला कॅप्सूल म्हणतात. हात वर, मागे, बाहेर असा सगळीकडे फिरावा म्हणून ती मुद्दाम ढिली असते. फ्रोझन शोल्डरमध्ये या पिशवीला सूज येते, मग ती जाड होते आणि आक्रसते. पहिल्या धुण्यात आटलेला सुती सदरा अंगात घातल्यावर हात वर करताना जसा काखेत धरतो, तसा हा खांदा आतून धरतो. निरोगी सांध्यात जेवढं द्रव मावतं, त्याच्या निम्म्याहून कमी या आक्रसलेल्या सांध्यात मावतं. हाडं जागच्या जागीच असतात, म्हणून एक्स-रे नॉर्मल येतो. 'रिपोर्ट तर नॉर्मल आहे, मग एवढं काहून दुखतंय?' असं विचारणारे पेशंट माझ्याकडे नेहमी येतात. एक्स-रेवर पिशवी दिसत नाही. तो काढायचा तो संधिवात किंवा फ्रॅक्चर नाही याची खात्री करायला.

आता दुसरा भाग. आतून पिशवी दुखते म्हणून बाहेरचे स्नायू तो सांधा हलू नये यासाठी आवळून धरतात. हात वर नेताना साधारण १८० अंशांपैकी १२० अंश खांद्याच्या मुख्य सांध्यात होतात आणि ६० अंश पाठीवरचं फऱ्याचं हाड सरकल्यामुळे. मुख्य सांधा अडला की माणूस अख्खा खांदा कानाकडे उचलून हात वर न्यायला बघतो. आईंना आरशासमोर हात वर करायला सांगा, हे लगेच दिसेल. दिवसभर हे उसनं काम केल्यानं मानेपासून खांद्यापर्यंतचा स्नायू, फऱ्यावरचा स्नायू, दंडाचा वरचा भाग हे सगळं गाठी आल्यासारखं कडक होतं. आई 'दुखतं' म्हणतात त्यातला मोठा हिस्सा या स्नायूंचा असतो, आणि ॲक्युप्रेशर तिथे चांगलं काम करतं. पिशवी मात्र कोणत्याही पॉइंटवर दाबून उघडत नाही. ती वेळेनं, सूज उतरल्यानं आणि रोजच्या हळू हालचालीनं सैल होते.

दाबल्यावर बरं का वाटतं याचं एक कारण शरीरशास्त्रात आहे. कातडी आणि स्नायूंवरच्या स्पर्शाच्या, दाबाच्या संवेदना मणक्यात पोचतात तेव्हा दुखण्याचा संदेश पुढे जायला तिथे अटकाव होतो. मेलझॅक आणि वॉल यांनी १९६५ मध्ये हे मांडलं. त्याशिवाय संथ दाबाखाली आवळलेला स्नायू सुटतो, श्वास खोल होतो. हा परिणाम थोडा वेळ टिकतो, माझ्या अनुभवात बहुतेकांना अर्धा तास ते दोन तास. ही सवड हात हलवण्यासाठी वापरायची असते. नुसतं दाबून आई पडून राहिल्या तर संध्याकाळी खांदा सकाळी होता तिथेच असतो. तुमच्याकडे सध्या हेच होतंय असं मला वाटतं.

अभ्यासांबद्दलही सांगते, म्हणजे अपेक्षा वाजवी राहतील. फ्रोझन शोल्डरवर सुया टोचून केलेल्या ॲक्युपंक्चरचे अभ्यास झाले आहेत, पण त्यातले बरेच छोटे आहेत, आणि व्यायामासोबत केल्यावर काही काळ फायदा दिसतो एवढंच त्यातून म्हणता येतं. बोटांनी दाबण्यावर त्याहून कमी काम झालंय. मी ते वापरते कारण नीट केलं तर त्यात धोका नगण्य असतो, खर्च नसतो, आणि घाबरलेला पेशंट त्यानंतर हात हलवायला तयार होतो.

सुरुवात करण्याआधी एक तपासणी घरीच करा. आईंना खुर्चीत ताठ बसवा. दोन्ही कोपरं काटकोनात वाकवून बरगडीला टेकवायची, पंजे समोर. आता कोपर न हलवता दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला उघडायचे. चांगला हात बराच बाहेर जाईल. दुखरा हात थोडासा जाऊन अडेल. मग तुम्ही स्वतः हळूच तो हात बाहेर न्या, अजिबात जोर लावू नका. तुमच्या हातानेही तो तिथेच अडला तर फ्रोझन शोल्डरचं निदान जुळतं, कारण या आजारात हात बाहेर वळवणं सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त जातं. स्वतःला हात उचलता येत नाही पण दुसऱ्याने उचलला की सहज वर जातो, असं असेल तर स्नायूबंध फाटल्याची शंका घ्यावी लागते आणि सोनोग्राफी किंवा एमआरआय लागू शकतो. दुखणं कोपराच्या खाली बोटांपर्यंत जात असेल, मुंग्या येत असतील, मान वळवल्यावर वाढत असेल तर मानेचा मणका बघावा लागतो. आणि खांदा नीट हलतोय, पण जेवणानंतर उजव्या फऱ्यात कळ येते असं असेल तर पित्ताशय तपासून घ्यायचं. छातीत दडपण, घाम, धाप यांच्यासोबत खांदा किंवा दंड दुखला, डावा असो की उजवा, तर काहीही न दाबता थेट दवाखान्यात न्यायचं.

टप्पा ओळखणं तितकंच महत्त्वाचं. पहिल्या टप्प्यात दुखणं वरचढ असतं, रात्री जास्त, आणि हालचाल हळूहळू कमी होत जाते. हा दोन महिन्यांपासून नऊ महिन्यांपर्यंत चालतो. दुसऱ्यात दुखणं बरंच उतरतं पण खांदा घट्ट अडकलेला राहतो, तो चार महिने ते वर्षभर. तिसऱ्यात हालचाल परत येते, त्याला सहा महिन्यांपासून दोन वर्षंही लागू शकतात. शुगरवाल्यांमध्ये हे सगळं जास्त चिवट असतं. चार महिने आणि रात्रीची कळ यावरून आई पहिल्या टप्प्यात आहेत. मालिशवाल्याने जे केलं ते या टप्प्यात करायची सगळ्यात वाईट गोष्ट होती, कारण सुजलेल्या पिशवीला ताणलं की ती आणखी चिडते. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये ७७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. एका गटाला दुखेल तिथे थांबून हालचाल करायला सांगितली, दुसऱ्या गटाला दुखण्याच्या पलीकडे ताण दिला. दोन वर्षांनी पहिल्या गटातल्या ८९ टक्के लोकांचा खांदा जवळजवळ पूर्ववत झाला होता, जोर लावलेल्या गटात ६३ टक्क्यांचा. 'दुखेल तेव्हाच सुटेल' असं घरातलं कोणी आईंना सांगत असेल तर त्यांना हे आकडे सांगा.

आता दाबण्याकडे येऊ. जिमी बाजूला ठेवा. लाकडाच्या टोकाखाली नेमकं काय आहे, स्नायू की हाड की नस, हे हाताला कळत नाही. अंगठ्याच्या टोकाचा मऊ भाग वापरा, नखं कापलेली हवीत. तुमचा अंगठा दुखत असेल तर दोन बोटं एकावर एक ठेवून दाबा. दाब हळूहळू वाढवायचा. आईंना शून्य ते दहा अशी पट्टी समजावून सांगा: शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. या टप्प्यात तीन-चारच्या वर जायचं नाही. 'दुखतंय पण बरं वाटतंय' असं त्या म्हणाल्या की तिथेच थांबून मिनिट-दीड मिनिट दाब धरून ठेवायचा, आणि तसाच हळू सोडायचा. या वेळात आईंनी श्वास लांब सोडायचा. चेहरा आवळला, श्वास रोखला किंवा खांदा कानाकडे उचलला गेला तर तुमचा दाब जास्त झालाय, त्यांनी तोंडाने सांगितलं नाही तरी. डोळ्यांत पाणी येईपर्यंत दाबलं की तेच स्नायू स्वतःला वाचवायला आणखी आवळतात.

चित्रांमध्ये खांद्यावरचे दोन पॉइंट शोधायला हात आडवा खांद्याच्या उंचीपर्यंत उचला म्हणतात, तिथे दोन खळगे दिसतात. आखडलेला हात तितका उचलला जातच नाही, म्हणून लोक चुकतात. त्यावर उपाय असा की आधी डाव्या, चांगल्या खांद्यावर शोधा. हात आडवा उचलला की खांद्याच्या टोकाच्या हाडापुढे एक आणि मागे एक खळगा पडतो. पुढचा एलआय १५, मागचा टीई १४ (चित्रांत पॉइंटना अशीच अक्षर-आकड्यांची नावं असतात). बोट तिथेच ठेवून हात खाली आणायला सांगा, म्हणजे हाडापासून ती जागा किती अंतरावर आहे ते कळेल. मग उजव्या खांद्यावर हात खालीच ठेवून तेच अंतर मोजा. पुढचा पॉइंट या टप्प्यात फार हळवा असतो, कारण सुजलेली पिशवी तिथून जवळ असते. त्यावर सुरुवातीचे काही दिवस नुसतं बोट टेकवून गोल फिरवा, दाबू नका.

मला सगळ्यात जास्त गुण येताना दिसतो तो मागच्या बाजूला, आणि घरी तिथे कोणी बघतच नाही. काखेची मागची घडी जिथे संपते तिथून अंगठ्याच्या रुंदीएवढं वर एसआय ९ आहे. फऱ्याच्या हाडावर, त्या हाडाची आडवी कड हाताला लागते तिच्या मध्यापासून खालच्या टोकाकडे एक तृतीयांश अंतर उतरलं की एसआय ११. तिथे दाबल्यावर बरेच पेशंट 'हेच, हेच!' म्हणतात आणि कळ दंडाच्या पुढच्या बाजूला गेल्याचं सांगतात. हात बाहेर वळवणारा स्नायू त्या जागेखाली असतो. आईंना पालथं झोपता येणार नाही, त्रास होईल. डाव्या कुशीवर झोपवा, छातीशी जाड उशी द्या, उजवा हात त्या उशीवर ठेवा आणि तुम्ही पाठीमागे बसून दाबा. तुम्ही ऑफिसला गेलेल्या असाल तेव्हा त्यांना स्वतःला करायचं असेल तर टेनिस बॉल पायमोज्यात घालून भिंत आणि फऱ्याच्या मध्ये धरायचा आणि हलकंसं रेलायचं.

मानेच्या खालचं ठसठशीत हाड आणि खांद्याचं टोक यांच्या बरोबर मध्ये, खांद्याच्या माथ्यावर जीबी २१ येतो. हा दाबण्यापेक्षा अंगठा आणि बोटांच्या चिमटीत अख्खा स्नायू धरून हळू उचलल्यासारखा करावा. खाली फुप्फुसाचं टोक असतं, बोटाने दाबून काही होत नाही, पण टोकदार वस्तू तिथे नको. गरोदर बाईला हा पॉइंट आणि हाताच्या अंगठा-तर्जनीमधला एलआय ४ देऊ नये, असं शिकवतात आणि मी ते कटाक्षानं पाळते. आईंना त्याची अडचण नाही, पण घरात दुसऱ्या कोणावर हात चालवण्याआधी लक्षात ठेवा.

दूरचे पॉइंट तीन पुरे आहेत. एलआय ४, कोपर वाकवल्यावर घडीच्या बाहेरच्या टोकाला येणारा एलआय ११, आणि पायावरचा एसटी ३८. हा शेवटचा आखडलेल्या खांद्यासाठी परंपरेनं ओळखला जातो. गुडघ्याच्या वाटीखालची बाहेरची खाच आणि घोट्याचं बाहेरचं हाड यांच्या बरोबर मध्यावर, नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर तो सापडतो. मी दोन्ही पायांवर दाबून बघते आणि जास्त दुखेल तो निवडते. तो दाबून धरलेला असताना पेशंटने खांदा हळू हलवायचा असतो. ज्या दिवशी आई खांद्याला हात लावू देत नसतील त्या दिवशी एवढंच करा. रात्री झोपण्याआधीही फक्त हेच दूरचे पॉइंट द्या. रात्री खांद्यावर काम केलं की काही जणांची झोप आणखी बिघडते.

इथपर्यंतचं थोडक्यात सांगायचं तर: बोटाने, तीन-चारच्या पट्टीत, एका जागी मिनिट-दीड मिनिट, मागच्या बाजूला जास्त आणि पुढे कमी, सगळं मिळून दहा-बारा मिनिटं. दिवसातून एकदा, फार तर दोनदा.

आणि त्यानंतर लगेच हालचाल. सकाळी गरम पाण्याने आंघोळ झाल्यावरची वेळ सगळ्यात चांगली. मी आईंच्या टप्प्याला चारच प्रकार सांगेन. पहिला, डावा हात टेबलावर टेकून कमरेत वाकायचं, उजवा हात सैल लोंबकळू द्यायचा आणि अंगाच्या हेलकाव्याने तो पुढे-मागे, गोल फिरू द्यायचा. हात स्वतःच्या ताकदीने फिरवायचा नाही. दुसरा, टेबलावर किंवा ओट्यावर रुमाल ठेवून त्यावर पंजा टेकवायचा आणि रुमाल पुढे सरकवत जायचं, हात ओट्यावरच राहतो म्हणून त्याचं वजन खांद्यावर येत नाही. तिसरा, उताणं झोपून डाव्या हाताने उजवं मनगट धरून डोक्याकडे न्यायचं, अडेल तिथे दोन श्वास थांबायचं, परत आणायचं. चौथा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: उताणं झोपून कोपर बरगडीला टेकवून दोन्ही हातांत एक काठी आडवी धरायची आणि डाव्या हाताने काठी ढकलत उजवा पंजा बाहेर न्यायचा. झाडूचा दांडा चालतो. प्रत्येक प्रकार आठ-दहा वेळा. एकदम तासभर करण्यापेक्षा दिवसातून तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटं करा.

बरोबर की जास्त झालं, हे ठरवायला मी एकच कसोटी देते. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं अर्ध्या तासात पहिल्यासारखं झालं पाहिजे, आणि त्या रात्री झोप आदल्या रात्रीपेक्षा वाईट झाली नाही पाहिजे. झाली तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा. बंद करू नका, कारण हात गळ्यात बांधून ठेवला तर खांदा आणखी आखडतो. टॉवेल पाठीमागे धरून हात वर ओढायचा व्यायाम सगळीकडे दाखवतात. तो आत्ता नको, दुखणं उतरल्यावर.

शेकाबद्दल जपून. दाबण्याआधी दहा मिनिटं शेक दिला तर स्नायू लवकर सैल होतात. पण जुन्या शुगरमध्ये कातडीची जाणीव कमी झालेली असू शकते आणि गरम पाण्याच्या पिशवीने पोळलेलं कळत नाही. पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळा, आधी तुमच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा. त्याच कारणाने पायाचा पॉइंट दाबताना आईंना तिथे स्पर्श नीट कळतो का ते एकदा बघा. कळत नसेल तर पाय सोडून द्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हाडं ठिसूळ असल्याचं सांगितलं असेल, तर दाब आणखी हलका ठेवा. त्या बाजूच्या स्तनाची किंवा काखेतल्या गाठींची शस्त्रक्रिया कधी झाली असेल तर तज्ज्ञाला विचारल्याशिवाय त्या हाताला हात लावू नका. मेथीदाणे चिकटपट्टीने लावायची पद्धतही अनेक घरांत आहे. लावायचे तर काही तासांनी काढा आणि शुगर असताना रात्रभर ठेवू नका, कातडीला व्रण पडतो आणि तो भरायला वेळ घेतो.

तुम्ही कूलरचं विचारलंय. कूलरमुळे पिशवी आक्रसत नाही, फ्रोझन शोल्डर थंडीच्या देशांतही होतो आणि आपल्याकडेही. पण मे महिन्यात खिडकीतल्या कूलरचा ओला झोत रात्रभर थेट खांद्यावर येत असेल तर आधीच आवळलेले स्नायू आणखी आवळतात, हे मी दर उन्हाळ्यात बघते. ४५ अंशांत कूलर बंद ठेवा असं कोण सांगेल? पलंगाची दिशा बदला, नाहीतर पातळ सुती ओढणी खांद्यावरून घ्यायला सांगा. झोपताना उताणं असतील तर उजव्या दंडाखाली, कोपरापर्यंत, घडी घातलेली चादर ठेवा म्हणजे हात मागे लोंबत नाही. डाव्या कुशीवर झोपल्या तर उशी कवेत. एवढ्यानेच पुष्कळ जणांची रात्र बदलते, आणि झोप मिळाली की दिवसाचं दुखणंही सहन होतं.

घरातली काही कामं काही महिने दुसऱ्याला द्या. स्कूटर मेन स्टँडवर चढवणं सगळ्यात आधी बंद, तो झटका थेट सांध्यात जातो. साइड स्टँडवर लावा. वरच्या फळीवरचे डबे खाली आणा. चादरी पिळणं, कुरड्यांचा सोऱ्या दाबणं हे यंदा दुसऱ्या कोणी करावं. ब्लाउज पुढे हुकांचा घालायचा आणि आधी दुखऱ्या हाताची बाही चढवायची, काढताना ती शेवटी.

इंजेक्शनचं आता. ॲक्युप्रेशरने ते टळेलच असं मी सांगणार नाही आणि ते टाळणं हा उद्देशही ठेवू नका. सांध्यातल्या स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या, दुखण्याच्या टप्प्यात जास्त होतो, कारण ते सूज उतरवतं. पिशवी एकदा जाड, कडक झाली की त्याचा फायदा कमी होतो. म्हणजे घरगुती उपाय करत करत वर्ष काढलं आणि मग इंजेक्शन घेतलं तर त्याची योग्य वेळ गेलेली असते. आईंची भीती दोन गोष्टींची असेल, सुईची आणि शुगर वाढण्याची. दुसरी रास्त आहे: इंजेक्शननंतर काही दिवस शुगर वाढते, म्हणून आधी एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) बघून, शुगरच्या डॉक्टरांना सांगून, घरी ग्लुकोमीटरवर लक्ष ठेवून ते घेतात. दुखणं कमी झालं की हाच वर सांगितलेला व्यायाम दुप्पट सोपा होतो. शस्त्रक्रियेची काळजी आत्ताच करू नका. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या ५०३ रुग्णांच्या चाचणीत भूल देऊन खांदा सोडवणं, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया आणि इंजेक्शनसह फिजिओथेरपी या तिन्हींची तुलना झाली, त्यात वर्षभरानंतर कुठलाही एक उपचार बाकीच्यांपेक्षा ठळकपणे सरस निघाला नाही. दुसरं मत हवं असेल तर नागपुरातल्या मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांच्या किंवा मिहानमधल्या एम्सच्या अस्थिरोग विभागात दाखवता येईल, रिपोर्ट सोबत न्या.

शुगरसोबत थायरॉइडही तपासून घ्या. थायरॉइडच्या पेशंटमध्येही हा खांदा जास्त दिसतो आणि पन्नाशीच्या बायकांमध्ये ते कळायचं राहून जातं. एकदा बरा झालेला तोच खांदा पुन्हा आखडणं क्वचितच होतं. दुसऱ्या खांद्याला मात्र काही वर्षांत होऊ शकतं, शुगर असेल तर शक्यता जास्त. म्हणून डाव्या हातानेही रोज वर सांगितलेला काठीचा व्यायाम करू द्या.

शेवटी मोजमाप, कारण रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही आणि आई 'काहीच फरक नाही' म्हणतील. आजच तीन गोष्टी वहीत लिहा: उजवा अंगठा पाठीमागे कुठपर्यंत पोचतो (नितंब, कंबर, की त्याच्या वर), भिंतीवर बोटं चढवत हात कितीपर्यंत जातो ती जागा पेन्सिलने खूण करून, आणि रात्री किती वेळा जाग आली. पहिल्या टप्प्यात खुणा वर सरकतील अशी अपेक्षा धरू नका, त्या खाली घसरल्या नाहीत तरी चांगलं आहे. झोप सुधारतेय का, ते बघा. तीन-चार आठवडे नीट करूनही रात्रीची जाग तशीच राहिली, तर इंजेक्शनसाठी डॉक्टरांची वेळ घ्या, आणि ती वही सोबत न्या.